पेंडीतली बुरशी आणि न वाढणारी कोकरे

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि डिस्टिलऱ्या मोठ्या प्रमाणावर मक्याकडे वळल्या. मक्याचे भाव चढले. त्याचबरोबर या कारखान्यांतून उरणारा वाळवलेला चोथा, म्हणजे बाजारात ‘डीडीजीएस’ नावाने मिळणारी पिवळसर तपकिरी भुकटी, पशुखाद्यात सर्रास दिसू लागली. शेंगदाणा पेंड आणि सरकी पेंडीपेक्षा ती स्वस्त पडते आणि तिच्यात प्रथिनेही चांगली असतात. त्यामुळे बंदिस्त आणि अर्धबंदिस्त मेंढीपालन करणारे अनेकजण ती खुराकात वापरतात.

मक्याच्या दाण्यात साधारण दोन तृतीयांश स्टार्च असतो. तो अल्कोहोलमध्ये जातो आणि उरलेल्या एक तृतीयांशाचा डीडीजीएस होतो. दाण्यात बुरशीचे विष असेल तर ते अल्कोहोलबरोबर जात नाही, सगळे चोथ्यातच राहते. म्हणजे मूळ मक्यात जेवढे विष होते, त्याच्या सुमारे तिप्पट चोथ्यात सापडते. खुराक वेळेवर आहे, जंतनाशक दिले आहे, लसी झाल्या आहेत, तरी कोकरांचा वजनकाटा हलत नसेल, तर खुराकाच्या पोत्याकडे बघायची वेळ आलेली असते.

बुरशी मेली तरी विष राहते

काही बुरशी वाढताना दाण्यात विषारी रसायने सोडतात. त्यांना मायकोटॉक्सिन म्हणतात. या लेखात सोयीसाठी ‘बुरशीविष’ म्हणू. शेकडो प्रकार माहीत आहेत, पण आपल्या भागात मेंढीपालकाचा संबंध येतो तो मुख्यतः चारांशी. अॅस्परजिलस जातीच्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन. फ्युजॅरियम बुरशीची फ्युमोनिसिन आणि झिअरॅलेनोन. आणि साठवणीत तयार होणारे ऑक्रॅटॉक्सिन. यांत सर्वांत घातक अफ्लाटॉक्सिन बी-१.

त्याचा शोध लागला तोच जनावरांच्या मरतुकीतून. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पिल्ले मेली आणि शोध घेता घेता माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोचला. आपल्या शेजारीही हे घडले आहे. १९७४ मध्ये अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात शंभराहून जास्त माणसे यकृत निकामी होऊन दगावली. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर पावसात सापडलेली ज्वारी आणि मका खाल्लेल्या लोकांना पोटदुखी आणि हगवण लागली, तेव्हा त्या धान्यात फ्युमोनिसिन आढळले.

हे विष मोजायचे एकक म्हणजे पीपीबी: एका किलोत एक मायक्रोग्रॅम. भारतीय मानक ब्युरोच्या मानकात गुरांच्या संयुक्त पशुखाद्यासाठी अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा २० पीपीबी आहे. एका टनात २० मिलिग्रॅम. मक्याच्या एकाच दाण्याचे वजन अडीचशे ते तीनशे मिलिग्रॅम भरते, यावरून हे प्रमाण किती बारीक आहे ते कळेल. डोळ्यांना, नाकाला, जिभेला याचा पत्ता लागणे शक्य नाही.

दाणा बिघडतो कुठे

दोन ठिकाणी. पहिले शेत. कणसे भरताना पावसाने ताण दिला, उष्णता वाढली, अळीने कणीस पोखरले, की अॅस्परजिलसला दाण्यात शिरायला वाट मिळते. उलट काढणीच्या वेळी परतीचा पाऊस लागला, तर फ्युजॅरियम माजते. खरीप ज्वारीचे दाणे काळे पडतात ते अशाच मिश्र बुरशीने. ही काळी ज्वारी खायला कोणी घेत नाही, म्हणून ती कमी भावात पशुखाद्याकडे वळते. मेंढीपालकाने भाव बघून घेतलेली ज्वारी स्वस्त का आहे, हे विचारूनच घ्यावी.

दुसरे ठिकाण साठवण, आणि बरेचसे नुकसान इथेच होते. पंचवीस ते पस्तीस अंश तापमान अॅस्परजिलसला मानवते; आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने तेवढे असतेच. म्हणून आपल्या हातात राहते ती ओल. मका साठवताना ओलावा १२ ते १३ टक्क्यांच्या आत हवा, भुईमुगाच्या शेंगा ८ टक्क्यांच्या आसपास. खरिपाचा मका ऑक्टोबरमध्ये मळणीला येतो तेव्हा त्यात याहून बरीच जास्त ओल असते. व्यापाऱ्याची गाडी थांबलेली असते, मग तो तसाच पोत्यात भरला जातो. पोत्याच्या पोटात दाणा श्वास घेतो, उष्णता आणि वाफ सोडतो, ती वाफ थंड पत्र्याला किंवा भिंतीला लागून पुन्हा दाण्यावर उतरते. आठवडाभरात थप्पीच्या मधल्या पोत्यात हात घातला तर गरम लागते. तिथे बुरशीची वाढ सुरू झालेली असते.

ओल तपासायला यंत्र नसेल तर मीठ चालते. कोरडी काचेची बरणी घ्या, एक तृतीयांशापर्यंत दाणे भरा, तव्यावर गरम करून थंड केलेले दोन चमचे कोरडे मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटे ठेवा. मीठ बरणीच्या काचेला चिकटले तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे आणि मका अजून उन्हात पसरायला हवा. मीठ मोकळे राहिले तर ओल पंधराच्या आत आहे एवढेच कळते. साठवणीसाठी आणखी एक-दोन उन्हे दिलेली बरी.

मेंढी तर रवंथ करणारी, तिला काय होते?

हा आक्षेप पूर्ण चुकीचा नाही. कोठीपोटातले, म्हणजे रवंथी जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातले, सूक्ष्मजीव काही बुरशीविषे मोडून टाकतात. ऑक्रॅटॉक्सिनचे तर ते बऱ्यापैकी तुकडे करतात, म्हणून जे धान्य डुकराचे मूत्रपिंड बिघडवते ते चाऱ्यावरच्या मेंढीला फारसे बाधत नाही. पण या संरक्षणाला तीन भगदाडे आहेत.

पहिले, अफ्लाटॉक्सिन कोठीपोटात फारसे मोडत नाही. बरेचसे तसेच पुढे सरकते आणि रक्तात उतरते.

दुसरे, कोकराला कोठीपोट असते, पण ते काम करत नसते. जन्मानंतर साधारण दोन महिन्यांनी ते नीट चालू लागते. आपण खुराक मात्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून समोर ठेवतो. ज्या वयात वाढीचा वेग सर्वांत जास्त आणि संरक्षण सर्वांत कमी, त्याच वयात भरड्यातले विष पोटात जाते. त्यात आईच्या दुधातून येणारा वाटा वेगळा: मादीने अफ्लाटॉक्सिन बी-१ खाल्ले की यकृतात त्याचे रूपांतर एम-१ मध्ये होते आणि ते दुधात उतरते.

तिसरे भगदाड आपणच पाडतो. बकरी ईदच्या आधी नर तयार करताना मका एकदम वाढवला जातो. धान्य झटपट आंबते, कोठीपोटात आम्लता वाढते आणि विष मोडणारे सूक्ष्मजीवच कमी होतात. कडबा-हिरव्या चाऱ्यावर असताना मेंढी जे ऑक्रॅटॉक्सिन पचवते, तेच धान्यावर आली की मोडायचे राहून आतड्यापर्यंत पोचते. म्हणून धान्य दहा-चौदा दिवसांत पायरीपायरीने वाढवावे आणि कडबा कधीही बंद करू नये.

यकृतावर काय बेतते, वाढ का खुंटते

अफ्लाटॉक्सिन स्वतःहून जेवढे घातक, त्याहून यकृताने त्याला निकामी करायला घेतल्यावर जास्त. या प्रक्रियेत मधला जो पदार्थ बनतो तो पेशीतल्या डीएनएला आणि प्रथिनांना चिकटतो. पेशीची प्रथिने बनवण्याची क्षमता घटते. कोकराचे वाढणे म्हणजे मुख्यतः स्नायूंचे प्रथिन बनणे, त्यामुळे पहिला फटका वजनाला बसतो. पित्ताचा प्रवाह बिघडतो, भूक मंदावते, लोकरीची चमक जाते.

आकड्यांबद्दल प्रामाणिक राहायला हवे. प्रौढ मेंढी अफ्लाटॉक्सिनला पुष्कळ दाद देत नाही. वाढत्या कोकरांवरच्या प्रयोगांत वजनवाढीत ठळक घट दिसली ती किलोभर खाद्यात अडीच मिलिग्रॅमच्या आसपास विष असताना, म्हणजे मानकाच्या मर्यादेच्या शंभरपटीहून जास्त. मग २० पीपीबीची चिंता कशाला? एक तर मर्यादा ठरवताना दुधातून माणसापर्यंत जाणाऱ्या विषाचा विचार केलेला असतो. दुसरे, प्रयोगातले कोकरू निरोगी असते, त्याला जंत नसतात, ऊन-पाऊस लागत नाही आणि खाद्यात एकच विष मोजून घातलेले असते. आपल्या गोठ्यातल्या कोकराच्या पोटात दोन-तीन बुरशीविषे एकत्र जातात आणि सोबत जंतही असतात. अफ्लाटॉक्सिन प्रतिकारशक्ती दाबते. आंत्रविषाराची किंवा पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य साथरोगाची) लस टोचूनही अपेक्षेइतका परिणाम मिळत नाही, साध्या सर्दीचा न्यूमोनिया होतो. मरतुकीचे कारण मग न्यूमोनिया म्हणून नोंदले जाते.

नुकसान मोजून पाहा. समजा चांगल्या खुराकावर नर कोकरू दिवसाला १५० ग्रॅम वाढते आणि बाधित खुराकावर १२० ग्रॅम. नव्वद दिवसांत एका कोकरामागे २ किलो ७०० ग्रॅम गेले. चाळीस कोकरांच्या तुकडीत १०८ किलो जिवंत वजन. एकही कोकरू न मरता.

मेंढीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: तांबे. मेंढी यकृतात तांबे साठवते आणि ते बाहेर टाकण्यात ती गाईपेक्षा कच्ची आहे. तिच्या एकूण आहारात किलोमागे १५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबे असू नये. गाईंसाठीचे क्षारमिश्रण आणि गोळीपेंड मेंढ्यांना घालणाऱ्यांच्या कळपात आधीच यकृत तांब्याने भरलेले असते. बुरशीविषाने ते यकृत दुखावले की साठलेले तांबे एकदम रक्तात सुटते, तांबड्या पेशी फुटतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते, डोळे पिवळे पडतात आणि एक-दोन दिवसांत जनावर जाते. मेंढ्यांना मेंढ्यांसाठीचेच क्षारमिश्रण द्यावे.

माज, गाभ आणि वाड्यावरची घोडी

झिअरॅलेनोन शरीरात स्त्री-संप्रेरकासारखे वागते. ऑक्रॅटॉक्सिनसारखी विषे कोठीपोटात सौम्य होतात. हे मात्र तिथे आणखी तीव्र संप्रेरक-परिणाम असलेल्या रूपात बदलू शकते. न्यूझीलंडमध्ये कुरणातल्या गवतावर हे विष असते तेव्हा मेंढ्यांमध्ये अंडी सुटण्याचे प्रमाण आणि जुळ्यांची संख्या घटते, असे तिथल्या संशोधनात दिसले आहे. आपल्याकडे नर सोडण्याआधी दोन-तीन आठवडे माद्यांना मका वाढवतात, जुळी मिळावीत म्हणून. तो मका गुलाबी बुरशीचा असेल तर खर्च करून उलटा परिणाम पदरात पडतो: माद्या पुन्हा पुन्हा उलटतात (गाभ न राहता परत माजावर येतात), गाभण नसताना सड सुजतात, योनीभाग सुजलेला दिसतो.

फ्युमोनिसिन मेंढीला तुलनेने कमी बाधते. धोका आहे तो वाड्यावरच्या, म्हणजे मेंढपाळाच्या तळावरच्या, घोडीला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनात कत्तलीसाठी वाढवल्या जाणाऱ्या रवंथी जनावरांच्या मक्यात ६० पीपीएमपर्यंत फ्युमोनिसिन चालते, घोड्याच्या मक्यात फक्त ५ पीपीएम. एक पीपीएम म्हणजे हजार पीपीबी. मेंढ्यांना न बाधलेला मका घोडीच्या मेंदूचा पांढरा भाग विरघळवू शकतो. ती गोल फिरू लागते, भिंतीला डोके टेकते, दिसेनासे होते. मेंढ्यांच्या खांडीला (कळपाला) आणलेला बुरशीचा मका घोडीच्या तोबऱ्यात कधीही घालू नये.

“माल तर स्वच्छ दिसतो”

बुरशी दिसते म्हणजे विष आहेच असे नाही आणि दिसत नाही म्हणजे विष नाही असेही नाही. हिरवट पिवळी बुरशी बहुधा अॅस्परजिलस, पांढरी-गुलाबी फ्युजॅरियम, एवढा अंदाज रंगावरून येतो. दळलेल्या भरड्यात आणि पेंडीत तोही येत नाही. शक्य असेल तर अख्खा मका घ्या आणि घरीच भरडा. तुटका, किडका, हलका दाणा चाळणीने आणि उफणून काढा. विषाचा मोठा वाटा याच चुऱ्यात असतो. त्यामुळे स्वस्तात मिळणारी मका चुरी हा सगळ्यात जोखमीचा माल.

प्रयोगशाळेत तपासायचे तर नमुना घेण्यातच सारे आहे. मूठभर शेंगदाणे खाताना एखादाच खवट दाणा निघतो आणि तोंड बिघडवतो. पोत्यात विषही तसेच, थोड्या दाण्यांत ठासून भरलेले असते. एका पोत्याच्या तोंडाशी घेतलेली ओंजळ निर्धोक निघाली, तर त्याचा अर्थ त्या ओंजळीपुरताच. वीस पोती असतील तर प्रत्येक पोत्यात लोखंडी नळी खुपसून वरचा, मधला आणि तळाचा थोडा थोडा माल काढा. सगळा एकत्र कालवा, ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, असे करत किलोभर उरू द्या. तो सगळा बारीक दळून त्यातून नमुना द्या. पिशवी कागदाची किंवा कापडाची घ्या, प्लॅस्टिकमध्ये वाटेतच घाम सुटून बुरशी वाढते. कृषी आणि पशुवैद्यकीय विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत किंवा खासगी ठिकाणी एलायझा पद्धतीची तपासणी पुरते. अतिनील दिव्याखाली दाणा हिरवट पिवळा चमकला तर तो फक्त संशय समजावा.

उकळले, उन्हात टाकले, चांगल्यात मिसळले तर?

उकळल्याने बुरशी मरते, अफ्लाटॉक्सिन मरत नाही. ते अडीचशे अंशांपर्यंत टिकते. भाजल्याने थोडे घटते, भरवसा ठेवण्याइतके नाही. ऊन महत्त्वाचे आहे ते ओल घालवण्यासाठी. तयार झालेले विष पेंडीच्या ढेपेतून ऊन काढून टाकत नाही. अमोनियाच्या प्रक्रियेने अफ्लाटॉक्सिन मोडते खरे, पण ते बंद टाकीत, दाबाखाली करायचे काम आहे. गोठ्यात करून बघू नये.

मिसळण्याचे गणित कागदावर सरळ दिसते: २०० पीपीबीचा एक क्विंटल नऊ क्विंटल स्वच्छ मालात घातला की २० पीपीबी. पण तुमच्या हातात २०० हा आकडाच नसतो आणि दूषित दाणे समान पसरतही नाहीत. युरोपात मर्यादेबाहेरचा माल असा पातळ करण्यावर बंदी आहे.

बाइंडर घातला की निभावते का?

बेंटोनाइट आणि तत्सम चिकणमातीचे बाइंडर अफ्लाटॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतात आणि लेंडीवाटे बाहेर काढतात. हे काम ते खरोखर करतात. वर सांगितलेल्या अडीच मिलिग्रॅमच्या पातळीवरही कोकरांना अशा मातीने संरक्षण मिळाल्याचे प्रयोग आहेत, अर्थात तिथे तिचे प्रमाण खाद्याच्या दोन टक्के होते. रोजच्या वापरात पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, बहुधा टनाला दोन ते पाच किलो, घालतात. मात्र झिअरॅलेनोन आणि फ्युजॅरियमच्या इतर विषांवर मातीचा उपयोग तुटपुंजा. तिथे यीस्टच्या पेशीभित्तिकेपासून केलेले बाइंडर थोडे बरे. आणि बेंटोनाइट औषधही धरून ठेवते: कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीवरचे औषध खाद्यातून चालू असेल तर दोन्ही एकत्र देऊ नयेत. बाइंडरच्या भरवशावर कुजका मका घेणे मात्र तोट्याचेच. कुजक्या दाण्याचे तेल खवट झालेले असते, ऊर्जा कमी झालेली असते, तो भाग बाइंडर परत आणत नाही.

संशय आला तर

नवा माल सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत अनेक जनावरे एकदम खुराक सोडू लागली, वजन थबकले, काही गाभडली, डोळ्यांच्या आतल्या पडद्याला पिवळी झाक आली, तर तो खुराक त्याच दिवशी बंद करा. त्यातला किलोभर मात्र बाजूला ठेवा, तपासणीला लागेल. चांगला हिरवा चारा आणि कडबा द्या, नवा खुराक हळूहळू चढवा. या विषांवर उतारा नाही. पशुवैद्यक यकृताला आधार देणारी औषधे आणि जीवनसत्त्वे देतील. तोवर जंतनाशकासकट कोणतेही औषध मनाने पाजू नये, कारण औषधे मोडण्याचा भारही त्याच यकृतावर पडतो.

हीच लक्षणे दुसऱ्या कारणांनीही येतात, हे विसरू नये. जबड्याखाली सूज आणि पांढरे डोळे म्हणजे आधी जंत आणि यकृतातले पर्णकृमी तपासा. तोंड-कान सुजून, उन्हात कातडी सोलवटून कावीळ दिसली तर कळप घाणेरी किंवा सराट्यात चरला का ते पाहा. एखादे मेले तर शवविच्छेदन कराच. फिकट, पिवळट, हाताला चिवट लागणारे यकृत, फुगलेले पित्ताशय, हे पशुवैद्यकाला बरेच काही सांगते. यकृताचा तुकडा फॉर्मलिनमध्ये तपासणीसाठी पाठवता येतो.

मटणातून माणसाला धोका आहे का, असेही विचारतात. मांसात अफ्लाटॉक्सिन फारसे साठत नाही. कलेजी आणि मूत्रपिंडात अंश सापडतात आणि दूषित खाद्य थांबवल्यावर ते ओसरतात. दुधातले एम-१सुद्धा काही दिवसांत खाली येते.

साठवण आणि खराब मालाची विल्हेवाट

पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हात-दीड हात लांब ठेवा. पावसाळ्यात पेंड आणि डीडीजीएस पंधरा दिवस पुरेल एवढाच आणा. आधीचा संपल्याशिवाय नवे पोते फोडू नका. गव्हाणीतला ओला उरलेला खुराक रोज सकाळी खरवडून काढा, भिजवलेली पेंड दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. मुरघासाच्या पिशवीतला बुरशीचा थर बोटभर चांगल्या भागासकट काढून टाका.

बाद झालेला माल कोंबड्यांना किंवा बदकांना टाकायचा मोह होतो. त्या मेंढीपेक्षा कितीतरी नाजूक आहेत. बदकाचे पिल्लू तर अफ्लाटॉक्सिनला सर्वांत आधी बळी पडते. दुभत्या गाईलाही नको. खड्ड्यात शेण-मातीबरोबर पुरा, आणि हाताळताना तोंडाला फडके बांधा, ती धूळ फुफ्फुसात जाते. रिकामी पोती झटकून पुन्हा भरू नका. शिवणीत अडकलेला भरडा पुढच्या मालाला बुरशीचे विरजण लावतो.